वैद्यबुवांनी कान लावला

तपासणी केंद्रात डॉक्टर अकरा होते आणि वैद्य एकच. रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी असल्या चाचण्यांचं ते तीन मजली केंद्र. तिथले संगणक, प्रिंटर, बॅटऱ्या, तारा, थोडक्यात विजेवर चालणारं आणि विजेवाचून अडणारं जे काही होतं ते सगळं सांभाळणारे चोपन्न वर्षांचे गृहस्थ म्हणजे वैद्यबुवा. नाव पडायचं कारण असं, की मशीन बिघडलं की ते आधी त्याला कान लावायचे. पंखा कसा फिरतोय, डिस्क कुरकुरतेय का, सुरू होताना टिक् असं एकदा होतंय की दोनदा, हे डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवून सांगायचे, "पंख्याचं बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर बेअरिंगच गेलेलं असायचं. एका डॉक्टरांनी गमतीत वैद्यबुवा म्हटलं, ते चिकटलं, आणि खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं.

वैद्यबुवांना ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार? "आधी ऐकायचं, मग बघायचं, मग हात लावायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी मशीन आधीच उघडून ठेवलेलं दिसलं तर त्यांचा पारा चढायचा. सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे रिपोर्ट ज्यात साठवलेले असतात तो मोठा संगणक, त्यात काही बिघडलं तर आपोआप ईमेल यायची सोय होती. ती त्यांनीच बंद करून ठेवली होती. मशीनला स्वतःचा आवाज असताना चिठ्ठ्या कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आणि गेलं दीड वर्ष या वैद्यबुवांना बारीक आवाज ऐकूच येत नव्हते.

माणसांचं बोलणं समोरून ऐकू यायचं. समोरच्याचा आवाज भसाडा असला तर उत्तमच. पंख्यांची घरघरही ऐकू यायची. पण जे जे बारीक आणि टोकदार, ते एकेक करून उठून गेलं होतं. घरात हे उघडकीला आलं ते दाराच्या बेलमुळे. बायको दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, कोपराने बेल दाबत, दहा मिनिटं बाहेर उभी. आणि हे आत, दारापासून चार पावलांवर, निवांत वर्तमानपत्र वाचत बसलेले. शेवटी तिने दारावर लाथ मारली तेव्हा उठले.

"बहिरे झालात का?" ती कडाडली. ते मात्र स्वच्छ ऐकू आलं.

रात्री ती शांत झाल्यावर जवळ येऊन बसली. "कान दाखवून या ना एकदा. चाळिशी लागली तेव्हा चष्मा घेतलातच की. त्यात लाजायचं काय?"

"चष्म्याला कुणी हसत नाही," वैद्यबुवा म्हणाले.

कोण हसतं, कसं हसतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. केंद्राच्या स्टोअरमध्ये पूर्वी एक म्हातारे कारकून होते. त्यांना कमी ऐकू यायचं. कानामागे पंजा धरून, तोंड उघडं टाकून "आँ? आँ?" करायचे. त्यांची नक्कल वैद्यबुवांसारखी कुणाला जमायची नाही. चहाच्या वेळी सगळा मजला पोट धरून हसायचा. एकदा नक्कल चालू असताना कारकून मागे येऊन उभे राहिले होते. तेही हसले. कशाला हसताहेत हे न कळता, सगळे हसताहेत म्हणून हसले. पुढे ते निवृत्त झाले, गेलेही असतील. वैद्यबुवांना आता ते अधूनमधून आठवायचे, आणि आठवले की वैद्यबुवा चटकन दुसऱ्या कामाला लागायचे.

तर वैद्यबुवांनी युक्त्या शिकून घेतल्या. बोलणाऱ्याच्या तोंडासमोर उभं राहायचं. फोन स्पीकरवर टाकायचा. नाही कळलं तर "हं, हं, बरोबर" म्हणायचं आणि मग दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यायचं. मशीनला कान लावणं मात्र त्यांनी सोडलं नाही. सोडलं असतं तर लोकांनी विचारलं असतं. डोळे मिटायचे, वाकायचे, मनातल्या मनात वीस आकडे मोजायचे, आणि मग डोक्याने, अनुभवाने, अंदाजाने रोग सांगायचे. चोवीस वर्षांचा अनुभव होता. बहुतेक वेळा अंदाज बरोबर यायचा. नाटक वठत होतं.

तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी दुपारी काउंटरताईंनी त्यांना हाक मारली. तळमजल्यावर रिपोर्ट द्यायच्या काउंटरवर नऊ वर्षं बसणाऱ्या या बाई. नोकरी कराराची, दर वर्षी नवा कागद. त्यांच्या खुर्चीच्या पाठीमागेच सर्व्हरची खोली होती. खोली म्हणजे काय, कपाटाचा थोरला भाऊ. एक सर्व्हर, एक एसी, आणि एक माणूस आडवा शिरेल एवढी जागा.

"वैद्यबुवा, आतून शिट्टीसारखं काहीतरी वाजतंय," ताई म्हणाल्या. "थांबून थांबून. जेवायच्या सुट्टीनंतर सुरू झालंय. डोकं उठलं माझं."

वैद्यबुवा आत गेले. वाकले, डोळे मिटले, सर्व्हरला कान लावला, वीसपर्यंत मोजलं. पंख्यांची घरघर तेवढी आली.

"काही नाही, ताई. एसीचा आवाज आहे."

"एसी असा नाही हो वाजत."

"ताई, कान कुणाचे मुरलेत? तुमचे की माझे?"

काउंटरसमोर रांग होती, ती हसली. ताईही हसल्या, जराशा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सांगितलं. वैद्यबुवा पुन्हा आत गेले, पुन्हा वीस मोजले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "तुम्हाला आता तो आवाज शोधायची सवय लागलीय. मनातून काढून टाका." त्यानंतर ताईंनी सांगायचं सोडून दिलं. घरून एक जुनी शाल आणली आणि त्या दाराच्या खालच्या फटीत घट्ट कोंबून ठेवली. शिट्टी बाहेर यायची थांबली. काउंटरचं काम सुरळीत चालू राहिलं.

आणि या सोमवारी सकाळी आठला सर्व्हर सुरूच होईना.

वैद्यबुवा आले तेव्हा रांग बाहेरच्या पायरीपर्यंत गेली होती. कुणाचं दहा वाजता ऑपरेशन, त्याआधी रक्ताचा रिपोर्ट हवा. कुणी पोटात चार महिन्यांचं मूल घेऊन उभी. कुणी नुसताच घाबरलेला, पण सगळ्यात जास्त ओरडणारा तोच. ताई एकेकाला समजावत होत्या, "मशीन बंद आहे, बघताहेत, बसा जरा." मॅनेजरसाहेब वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या शिव्या खात होते.

वैद्यबुवा आत शिरले. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. भिंतीतल्या सॉकेटला टेबललॅम्प लावून बघितला; लॅम्प लागला, म्हणजे वीज होती. मागे हात घालून चाचपडत तारा बदलल्या. त्याने काही झालं नाही. खोलीतला दिवा मिणमिणता, म्हणून त्यांनी ताईंना टॉर्च धरायला बोलावलं, आणि ज्या कंपनीचा सर्व्हर होता तिच्या मदत केंद्राला फोन लावला. फोन अर्थातच स्पीकरवर.

तिकडच्या माणसाचा आवाज सुदैवाने जाडाभरडा होता. त्याने चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, "मागच्या बाजूने शिट्टी येतेय का बघा. थांबून थांबून?"

वैद्यबुवांनी डोळे मिटले, वाकले, कान लावला. वीस मोजले.

"नाही. शांत आहे."

भिंतीवरचा टॉर्चचा उजेड हलला. वैद्यबुवांनी डोळे उघडले. ताई सर्व्हरकडे बघत होत्या. मग त्यांनी वैद्यबुवांकडे बघितलं. मग परत सर्व्हरकडे. आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं वैद्यबुवांना एकदम कळून चुकलं. ते वाजत होतं. आत्ता, या क्षणी, त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर वाजत होतं.

"मला इथे काहीतरी ऐकू येतंय," फोनवरचा माणूस म्हणाला. कुठल्या तरी लांबच्या गावात बसून त्यालाही ऐकू येत होतं.

"एसी आहे तो," वैद्यबुवा म्हणाले.

इथवर जे झालं होतं त्याला एक वेळ दुखणं म्हणता येईल. इथून पुढचं दुखणं नव्हे. हे पक्कं लक्षात ठेवायला हवं, कारण वैद्यबुवांनी स्वतः ते पुढे कधीच विसरायचा प्रयत्न केला नाही.

"वैद्यबुवा..." ताईंनी सुरुवात केली.

"ताई, उजेड नीट धरा."

"मग सगळ्या तारा काढा," फोनवरचा माणूस म्हणाला. "तीस सेकंद बटण दाबून धरा. दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग परत लावून बघा."

तारा निघाल्या. जे वाजत होतं ते थांबलं असणार, कारण ताईंचे खांदे जरा सैल झाले. त्या टॉर्च ठेवून काउंटरवर गेल्या.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब खाली उतरले. माणूस वाईट नव्हता, पण वरून तासभर बोलणी खाऊन आला होता आणि ती कुणाला तरी द्यायची होती. त्यांची नजर दाराशी गोळा होऊन पडलेल्या शालीवर गेली.

"हे काय आहे?"

"शाल, साहेब. माझी," ताई म्हणाल्या.

"दाराखाली कशासाठी?"

ताई उत्तर देणार होत्या. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, वैद्यबुवाच आधी बोलून गेले. "फट बंद केली म्हणजे हवा कोंडते, साहेब. मशीनला हवा लागते. तापलं असणार."

हे शेंबड्या पोरालाही पटू नये. आत एसी चोवीस तास चालू होता. दाराखालची बोटभर फट बुजल्याने सर्व्हर तापायचा असता तर कधीच तापला असता. पण सांगत होते वैद्यबुवा. साहेबांनी मान डोलावली. रांगेतले दोघंतिघंही शालीकडे बघून मान डोलावू लागले.

"आत शिट्टी वाजत होती म्हणून लावली," ताई म्हणाल्या. "तीन आठवडे वाजतेय. मी यांना सांगितलं होतं. दोनदा."

"वैद्यबुवा?" साहेबांनी वळून विचारलं.

"मी स्वतः कान लावून ऐकलं होतं, साहेब. काही आवाज नव्हता."

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. आत टॉर्च धरून जे बघितलं होतं ते त्या तिथेच सांगू शकल्या असत्या. यांना ऐकू येत नाही, एवढे चार शब्द. रांगेतल्या कुणीही मागून हळूच टाळी वाजवून खातरजमा केली असती. पण वैद्यबुवा स्वतः बोलतील म्हणून त्या वाट बघत राहिल्या. वैद्यबुवांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि त्याच्या टोकाकडे बघत बसले.

"ताई, नऊ वर्षं झाली तुम्हाला इथे," साहेब म्हणाले. "निदान स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकलू तरी नका. महिनाअखेरीला तुमचा करार संपतोय ना? तेव्हा बोलू आपण." आणि ते परत वर गेले.

वैद्यबुवा सर्व्हरच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. मनाशी म्हणाले, आधी मशीन चालू करू, मग बाकीचं बघू. लाज वाटत असली की माणसाला कामाचा फार उमाळा येतो.

त्यांनी सर्व्हर भिंतीपासून पुढे ओढला. हे खरं तर तीन आठवड्यांपूर्वीच करायला हवं होतं, पण ज्याचं सगळं निदान कानावर, तो मशीनच्या पाठीमागे कशाला बघतो? या सर्व्हरला मागच्या बाजूने वीज पुरवणारे दोन डबे होते, विटेएवढे, एकावर एक. एक गेला तर दुसरा भार उचलतो आणि तोवर मशीन शिट्टी वाजवून सांगत राहतं, की बाबांनो, एका पायावर उभा आहे, बघा काहीतरी. वैद्यबुवांनी तारा पुन्हा लावल्या. दोन्ही डब्यांवर लाल दिवे लागले. मशीन चालू करण्याइतकी वीज आता कुणीच देत नव्हतं. दिवा पेटवायला आणि शिट्टी वाजवायला पुरेल एवढी धुगधुगी तेवढी उरली होती.

शिट्टी वाजतेय का? त्यांनी कान लावला. काही नाही. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी डब्याच्या पत्र्यावर बोट टेकवलं. पत्रा थरथरला. थांबला. परत थरथरला. थांबला. अगदी नियमाने, न कंटाळता. वैद्यबुवा बोट तसंच ठेवून उकिडवे बसून राहिले. तीन आठवडे ते मशीन सांगत होतं. ताईही सांगत होत्या. दोघांनाही त्यांनी वेड्यात काढलं होतं.

स्टोअरच्या कपाटात नवा डबा होता, त्यांनीच अडीअडचणीला म्हणून मागवून ठेवलेला. मधल्या दोन मिनिटांत काउंटरवरून जावं लागलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. जुने दोन्ही डबे बाहेर ओढले, एका जागी नवा सरकवला, खटक्यात बसवला. हिरवा दिवा. बटण दाबलं. सर्व्हरच्या अंगावर तळहात ठेवला तेव्हा पंखे फिरू लागल्याचं हाताला कळलं. पडद्यावर अक्षरं धावू लागली.

मशीन स्वतःची रोजनिशी ठेवतं. वैद्यबुवांनी ती उघडली. वरच्या डब्याचा वीजपुरवठा बंद: तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार, दुपारी एक वाजून बावन्न मिनिटं. ताईंनी हाक मारली होती ती त्याच मंगळवारी, जेवायच्या सुट्टीनंतर. दुसरा डबा: काल, रविवार, पहाटे. मधले एकोणीस दिवस नुसते इशारे, ओळींवर ओळी. वैद्यबुवा ते वाचत गेले. एका ठिकाणी पुढे वाचवेना, तेव्हा पडद्यावरची खिडकी बंद केली. ही रोजनिशी केंद्रात दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती. साफ पुसून टाकायलाही एक बटण पुरे होतं. त्यांनी ते दाबलं नाही, पण त्याच्याकडे बघितलं, हेही खरंच.

बाहेर प्रिंटर सुरू झाला आणि रांगेतून टाळ्या पडल्या. कुणीतरी वरून ओरडलं, "वैद्यबुवा, मानलं!" ऑपरेशनवाल्याचा रिपोर्ट पहिला निघाला. तो हातात घेऊन त्याचा भाऊ वैद्यबुवांच्या पायाशी वाकायला निघाला. वैद्यबुवांनी पाय इतक्या घाईने मागे घेतले की खुर्चीला धडकले.

मॅनेजरसाहेब खाली आले ते हसतच. "शाबास! तुम्ही आहात म्हणून चाललंय हे केंद्र."

ताई मान खाली घालून रिपोर्ट लावत होत्या. वैद्यबुवांनी घसा खाकरला. अर्ध्यात भागलं तर बघू, असं त्यांच्या मनात आलं. बहुतेकांच्या मनात आधी हेच येतं.

"साहेब, शालीचा तसा काही संबंध नव्हता. वीज देणारा भाग होता तो गेला. आपोआप गेला. कुणाचीच चूक नाही यात."

"हा तुमचा मोठेपणा," साहेब म्हणाले. "सांभाळून घेताय ताईंना, समजतं मला. पण चूक एक वेळ चालते, वैद्यबुवा. शिट्टी वाजत होती, मी दोनदा सांगितलं होतं, असं रचून सांगणं मला नाही चालत. जाऊ दे, तुम्ही चहा घ्या."

म्हणजे वैद्यबुवा आणखी मोठे झाले आणि ताई आहेत तिथून आणखी खाली गेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ झाकलेली ठेवायला त्यांना आता काही म्हणजे काही करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्याचा दीड वर्षाचा सराव होता. साहेब जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीवर त्यांचा पाय पडला. वैद्यबुवांचे कान, निकामी का असेनात, तापून लाल झाले होते.

"साहेब, त्यांनी सांगितलं होतं."

साहेब थांबले.

"दोनदा सांगितलं. शिट्टी वाजतच होती. मशीनमध्ये तारीख आहे, वेळ आहे, दाखवतो. मी कान लावला, पण मला ऐकू आलं नाही. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, साहेब. दीड वर्ष झालं. मगाशी फोनवर बोलत होतो तेव्हासुद्धा ते वाजत होतं. ते मला कळलं होतं, तरी मी नाही म्हणालो."

काउंटरसमोरची कुजबुज थांबली असावी. तोंडं हलायची थांबली एवढं त्यांना दिसलं. साहेबांनी रांगेकडे बघितलं, मग वैद्यबुवांकडे. त्यांचाच चेहरा कसनुसा झाला. "बरं, बरं. असू दे. आत चला, आत बोलू आपण."

"नको, साहेब. यांना खोटं पाडलं ते इथेच, यांच्यासमोर." वैद्यबुवांनी रांगेकडे हात केला. "शाल, हवा, ते सगळं मी रचलं होतं. रचलं मी होतं, ताईंनी नाही."

रांगेत मागे कुणीतरी हसलं. कशाला हसलं कोण जाणे. हसणारा तोंडावर हात धरून होता एवढं वैद्यबुवांना दिसलं. त्यांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. जमीन असल्या कामाला कधी येत नाही. ते तिथेच उभे राहिले.

"ताई, ते कराराचं मनावर घेऊ नका," साहेब म्हणाले. "तसं काही नाही. तुम्ही तुमचं काम करा." आणि वैद्यबुवांना म्हणाले, "तुम्ही चार वाजता या वर." आवाज मघाचा नव्हता. केंद्र कुणामुळे चालतं ते आता बोलायचं कारण उरलं नव्हतं.

साहेब गेले. रांग पुढे सरकली. ताईंनी पुढच्या बाईची चिठ्ठी घेतली, नंबर टाकला, प्रिंटरमधून कागद ओढला. वैद्यबुवा काउंटरच्या बाजूला उभेच होते. माफ करा म्हणायचं, हे ठरलं होतं, पण ते नऊ वर्षांच्या ओळखीच्या बाईला, रांगेसमोर, कसं म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं.

ताई कागदाला टाचणी मारता मारता, मान वर न करता, काहीतरी बोलल्या. ओठ हलले. आवाज प्रिंटरच्या घरघरीत बुडाला.

"हं, हं, बरोबर," वैद्यबुवा म्हणाले.

तोंडातून निघालं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. ते काउंटरच्या पुढच्या बाजूला गेले, रांगेतल्या बाईच्या शेजारी, ताईंचं तोंड समोर दिसेल असे.

"ताई, मला ऐकू आलं नाही. परत सांगा."

ताईंनी टाचणी खाली ठेवली. त्यांच्याकडे बघितलं. मग स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून, पायरीवर उभ्या असलेल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी म्हटलं, स्वतःला ऐकू येत नाही हे सांगायला तुम्हाला दीड वर्ष लागलं. मी खोटारडी आहे हे सांगायला तुम्ही एक मिनिटसुद्धा घेतलं नाहीत."

"हो," वैद्यबुवा म्हणाले. "तसंच झालं."

ताईंनी मान हलवली आणि रांगेतल्या बाईकडे रिपोर्ट सरकवला.